रोमन कायद्यात पत्रातून दिलेल्या मताला अधिकार कुठून येत असे?

विधिजिज्ञासू (प्रश्न)

रोमन कायद्यावर निबंध लिहिण्यासाठी डायजेस्ट (जस्टिनियन सम्राटाच्या काळी जुन्या विधिज्ञांच्या लेखनातून केलेला उताऱ्यांचा संग्रह) चाळत असताना त्याच्या 28 व्या पुस्तकात एक मजकूर आढळला आणि तो नेमका कोणत्या प्रकारात धरावा, हे कळेना. डोमिटियस लाबेओ नावाचा कोणी गृहस्थ युव्हेंटियस सेल्सस या विधिज्ञाला रीतसर नमस्कार लिहून विचारतो की, ज्याला मृत्युपत्र लिहून देण्यासाठी बोलावले होते त्यानेच ते लिहून झाल्यावर त्यावर आपली मोहोरही उठवली, तर त्याची साक्षीदारांत गणना करावी की नाही. सेल्सस उलट नमस्कार लिहितो आणि म्हणतो की, तुम्ही काय विचारता आहात ते एक तर मला समजलेले नाही, नाही तर तुमचा प्रश्नच निखालस मूर्खपणाचा आहे. मृत्युपत्र लिहिणाराच साक्षीदार झाला म्हणून त्याच्या साक्षीबद्दल शंका घेणे हास्यास्पदच्याही पलीकडचे आहे. उत्तर इतक्यावरच संपते.

हा मजकूर चौदाशे-पंधराशे वर्षे कायदा म्हणून वाचला गेला, याचे मला आश्चर्य वाटते. एका खाजगी माणसाने दुसऱ्या खाजगी माणसाला पाठवलेले, तेही रागाच्या भरात लिहिलेले पत्र कायद्याचे साधन कसे होऊ शकते? असे पत्र न्यायाधीशापुढे ठेवले, तर त्याप्रमाणे निकाल देणे त्याच्यावर बंधनकारक होते का? आमच्या पाठ्यपुस्तकात 'विधिज्ञांची उत्तरे' आणि 'सम्राटांची पत्रे' ही दोन्ही साधने एकाच परिच्छेदात उरकलेली आहेत, त्यामुळे त्यांतील भेदही स्पष्ट होत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.


जुने दप्तर

आधी एक खुलासा करतो, कारण ही गफलत पुष्कळदा होते. हा डोमिटियस लाबेओ म्हणजे ऑगस्टसच्या काळातील थोर विधिज्ञ अँटिस्टियस लाबेओ नव्हे. सेल्सस त्याच्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, ट्रेजन आणि हेड्रियन या सम्राटांच्या काळात होऊन गेला. 129 मध्ये तो दुसऱ्यांदा कॉन्सल, म्हणजे रोमचा वरिष्ठ पदाधिकारी, झाला. त्यामुळे हे दोन दिग्गजांचे भांडण आहे असे निबंधात लिहू नका.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. रोममधील दिवाणी खटल्याची रचना लक्षात घेतल्याशिवाय पत्राचे महत्त्व कळत नाही. वादी आणि प्रतिवादी प्रथम प्रेटर या न्यायखात्याच्या अधिकाऱ्यापुढे जात, तेथे वादाचा मुद्दा ठरावीक शब्दांत बांधला जाई आणि मग तो मुद्दा घेऊन खटला एका न्यायाधीशाकडे जाई. हा न्यायाधीश पगारी अधिकारी नसे आणि कायदा शिकलेलाही असेलच असे नाही. तो समाजातील एक प्रतिष्ठित नागरिक असे आणि त्या एका खटल्यापुरता नेमलेला असे. अशा माणसापुढे कायद्याचा अवघड प्रश्न आला, तर त्याने कोणाकडे पाहायचे? साहजिकच, ज्याला कायदा कळतो असे गावाला माहीत आहे त्याच्याकडे. विधिज्ञ स्वतः बहुधा न्यायालयात उभा राहत नसे, युक्तिवाद वक्ते करत. त्यामुळे त्याचे मत न्यायाधीशापर्यंत पोहोचण्यासाठी कागदाचा, किंवा त्या काळच्या मेणाच्या पाटीचा, आधार घ्यावाच लागे.

याचे वर्णन पोम्पोनियस या विधिज्ञाने केलेले आहे आणि ते डायजेस्टच्या पहिल्याच पुस्तकात मिळते. तो सांगतो की, ऑगस्टसच्या पूर्वी जाहीरपणे मत देण्याचा अधिकार राज्यप्रमुखाकडून मिळत नसे, ज्याला आपल्या अभ्यासाचा भरवसा होता तो विचारणाऱ्याला उत्तर देई. ही उत्तरे मोहोरबंद नसत. बहुतेक वेळा विधिज्ञ स्वतःच न्यायाधीशाला लिहीत, नाही तर ज्यांनी सल्ला घेतला होता ते पक्षकार तसे उत्तर मिळाल्याची साक्ष देत. ऑगस्टसने कायद्याचा मान वाढावा म्हणून आपल्या अधिकाराच्या पाठबळावर उत्तरे देण्याची प्रथा सुरू केली. नंतर सम्राट टायबेरियसने असा अधिकार विधिज्ञ मासुरियस साबिनसला दिला. हा साबिनस मोठा श्रीमंत नव्हता, त्याचा चरितार्थ बराचसा शिष्यांच्या मदतीवर चाले आणि पन्नाशीच्या सुमारास तो अश्वारोही वर्गात (सिनेटरांच्या खालोखालच्या प्रतिष्ठित वर्गात) दाखल झाला, अशी माहिती पोम्पोनियस आवर्जून देतो. पूर्वी मताचा अधिकार घराण्यातून आणि प्रतिष्ठेतून येत असे. साबिनसच्या बाबतीत तो सम्राटाच्या नावातून आला, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

बंधनाच्या प्रश्नाचे उत्तर गायस या विधिज्ञाने दुसऱ्या शतकात दिले आहे. ज्यांना कायदा घडवण्याची परवानगी आहे अशा विधिज्ञांची मते एकमेकांशी जुळत असतील, तर त्यांना कायद्याचे बळ येते. ती जुळत नसतील, तर न्यायाधीशाने हवे ते मत स्वीकारावे, असे हेड्रियनने एका उत्तरात ठरवून दिले होते. म्हणजे एका विधिज्ञाचे एकटे पत्र वजनदार असे, पण विरुद्ध पक्षाने तितक्याच मोठ्या माणसाचे उलट मत आणले, की न्यायाधीश पुन्हा मोकळा होई. मत देण्याचा अधिकार मिळालेले सगळेच गंभीर प्रकृतीचे होते असेही नाही. धाकटा प्लिनी हा रोमन लेखक आपल्या पत्रांत एक किस्सा सांगतो. एक कवी मित्रांपुढे काव्यवाचन करू लागला आणि पहिल्याच ओळीत त्याने 'प्रिस्कस, तू आज्ञा करतोस' असे म्हटले. समोर बसलेला विधिज्ञ याव्होलेनस प्रिस्कस ताडकन म्हणाला, 'मी तर काही आज्ञा करत नाही.' सभा हसली आणि कवीची फजिती झाली. याव्होलेनसचे डोके ठिकाणावर आहे की नाही याची शंकाच आहे, असा शेरा मारून प्लिनी पुढे जोडतो की, तरीही तो सार्वजनिक कामांत भाग घेतो, सल्लामसलतीला बोलावला जातो आणि दिवाणी कायद्यावर जाहीर मतेही देतो. हाच याव्होलेनस ज्युलियनसारख्या श्रेष्ठ विधिज्ञाचा गुरू आणि 'पत्रे' या नावाच्या 14 पुस्तकांच्या ग्रंथाचा कर्ता होता. तेव्हा प्लिनीचे प्रमाणपत्र फार मनावर घेऊ नये.


काळा कोट

वरील उत्तर उत्तम आहे. मी वकिली करतो, म्हणून एका वेगळ्या बाजूने भर घालतो.

आपल्याकडेही अशील ज्येष्ठ वकिलाचे लेखी मत घेतो, परंतु ते मत न्यायालयापुढे प्रमाण म्हणून ठेवता येत नाही. रोममध्ये ते ठेवता येत असे, हा फरक मोठा आहे; मात्र लेखी मताची जी मूळ मर्यादा आज आम्हाला जाणवते, ती तेव्हाही तशीच होती. विधिज्ञ पुरावा तपासत नसे. पत्रात जी हकीकत लिहून आली ती खरी धरूनच तो उत्तर देई, आणि ती हकीकत खरोखर घडली की नाही हे ठरवणे न्यायाधीशाचे काम राही. त्यामुळे पत्राची सारी मदार प्रश्न कसा विचारला यावर असे. कसलेला विधिज्ञ प्रश्नातच काय राहून गेले आहे ते आधी पाही.

याचा उत्तम नमुना प्रोक्युलस या विधिज्ञाच्या पत्रांत आहे. डायजेस्टच्या 41 व्या पुस्तकात त्याचा एक उतारा दिला आहे. प्रश्न असा : तू शिकारीसाठी लावलेल्या फासात रानडुक्कर अडकले, ते अडकलेले असताना मी ते सोडवून घेऊन गेलो, तर मी तुझे डुक्कर नेले असे होते का? आणि समज, मी ते सोडवून पुन्हा रानात जाऊ दिले, तर? प्रोक्युलस होय किंवा नाही असे एकदम सांगत नाही. फास सार्वजनिक जागेत लावला होता की खाजगी, खाजगी असेल तर स्वतःच्या की दुसऱ्याच्या, दुसऱ्याच्या असेल तर मालकाच्या परवानगीने की परवानगीशिवाय, आणि डुक्कर असे जखडले होते का की कितीही धडपडले तरी त्याला सुटता आले नसते, हे सगळे तो आधी उलगडतो. मग तो सर्वांचे सार म्हणून सांगतो की, प्राणी माझ्या ताब्यात आला असेल तर तो माझा झाला. आणि कोणी त्याला त्याचे मूळचे स्वातंत्र्य परत देऊन माझी मालकी संपवली, तर त्याच्यावर हकीकतीवर आधारलेला दावा करता येईल, जसे दुसऱ्याचा पेला जहाजावरून समुद्रात फेकणाऱ्याच्या बाबतीत पूर्वी उत्तर दिले गेले आहे. या उताऱ्यात नमस्कार नाही, कोणाचे नावही नाही, पण 'तू' आणि 'मी' शिल्लक आहेत. आपल्या भाषेत सांगायचे तर, अर्धे उत्तर हे अशिलाला उलट विचारलेल्या प्रश्नांचेच आहे.

दुसरे उदाहरण 31 व्या पुस्तकातील आहे आणि ते व्यवहाराच्या दृष्टीने अधिक रोचक आहे. एकाच माणसाने एकाच वेळी मृत्युपत्राच्या दोन प्रती केल्या, जशी तेव्हा सर्रास पद्धत होती. एका प्रतीत टिटियसला 100 सुवर्णनाणी लिहिली आहेत, दुसरीत 50. टिटियसला 150 मिळावीत की 100? प्रोक्युलसने उत्तर दिले की, अशा प्रसंगी वारसावरचा बोजा हलका ठेवावा, म्हणून फक्त 50 द्यावीत. विचारणाऱ्याने 50 हा पर्याय पुढे ठेवलाच नव्हता! दोन ओळींच्या या उत्तरात कारणमीमांसाही जवळजवळ नाही. उत्तर देणाऱ्याचे नाव हेच त्या मताचे बळ होते.

यावरून सेल्ससच्या उत्तराकडे पुन्हा पाहावे. मृत्युपत्रावर सात साक्षीदारांच्या मोहोरा असल्या की प्रेटर त्याला मान्यता देई, तेव्हा लेखनिकाची मोहोर बाद झाली असती तर सातांपैकी एक कमी होऊन पूर्ण मृत्युपत्राची मान्यता धोक्यात येऊ शकत होती. डोमिटियस लाबेओचा प्रश्न मला तरी मूर्खपणाचा वाटत नाही. सेल्ससचा निर्णय बरोबर होता, पण त्याने कारण मात्र एकही दिलेले नाही.


विधिजिज्ञासू

दोघांचेही मनःपूर्वक आभार. फासाचे उदाहरण निबंधात नक्की घेईन. आता माझ्या मनात दोन शंका उरल्या आहेत. पहिली अशी की, 'पत्रे' या नावाच्या ग्रंथांतील प्रत्येक उतारा खरोखर कोणाला तरी पाठवला होता, असे समजावे का? आणि दुसरी सम्राटांच्या पत्रांविषयीची, जी अजून बाकी आहे.


लेखनिक

सम्राटांच्या पत्रांबद्दल मी लिहितो. पहिल्या शंकेचे उत्तर अधिक जाणत्या माणसाने द्यावे.

गायसच्या म्हणण्याप्रमाणे सम्राट निवाड्याने, जाहीरनाम्याने किंवा पत्राने जे ठरवतो ते त्याचे विधान ठरते आणि त्याला कायद्याचे बळ असते. पुढे विधिज्ञ अल्पियननेही सम्राटाने पत्राने किंवा अर्जाखाली सही करून जे ठरवले ते कायदाच होय, असे म्हटले आहे. यांतील पत्र आणि अर्जाखालची सही या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांची खातीही वेगळी होती. प्रांताधिकारी, सेनापती, शहरे अशांना स्वतंत्र पत्र जाई आणि ते पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या खात्यातून निघे. सामान्य माणसाच्या अर्जाला मात्र वेगळे पत्र मिळत नसे. त्याच अर्जाच्या खाली शेरा मारला जाई आणि ते काम अर्ज पाहणाऱ्या खात्याकडे असे. आपल्या सरकारी कचेऱ्यांत वावरलेल्या कोणालाही हा भेद समजायला वेळ लागू नये.

विधिज्ञाच्या पत्रापेक्षा सम्राटाचे पत्र दोन बाबतींत निराळे होते. ते विरुद्ध मत आणून तोलता येत नसे, कारण समोर तोडीचा दुसरा सम्राट नसे. आणि ते एका प्रसंगापुरते लिहिलेले असूनही इतर प्रांतांत त्याचा दाखला दिला जाई. अडचण तेथूनच सुरू होई. प्लिनी बिथिनिया या प्रांताचा कारभार पाहत असताना त्याच्यापुढे टाकून दिलेल्या मुलांचा प्रश्न आला : जन्माने स्वतंत्र, पण कोणी तरी उचलून गुलाम म्हणून वाढवलेली ही मुले स्वातंत्र्य मागू शकतात का, आणि मागितल्यास पोसल्याचा खर्च भरावा लागतो का? त्याच्यासमोर ऑगस्टसचा म्हणून एक जाहीरनामा आणि व्हेस्पेशियन, टायटस व डोमिशियन यांची पत्रे वाचून दाखवण्यात आली. त्यांतील काही स्पार्टाच्या लोकांना, तर काही दुसऱ्या प्रांतांच्या अधिकाऱ्यांना लिहिलेली होती. प्लिनीने त्यांच्या नकला ट्रेजनकडे पाठवल्या नाहीत आणि त्याचे कारण स्पष्ट कळवले : त्या पुरेशा शुद्ध नाहीत, काहींच्या खरेपणाबद्दल शंका वाटते, आणि अस्सल व तपासलेल्या प्रती आपल्या दप्तरात असतीलच असा माझा विश्वास आहे. ट्रेजनने दप्तर पाहिले आणि कळवले की, सर्व प्रांतांना लागू पडेल असे काही आधीच्या सम्राटांच्या नोंदींत सापडत नाही, डोमिशियनची पत्रे आहेत पण ज्या प्रांतांना ती लिहिली त्यांत बिथिनिया नाही. तेव्हा अशा मुलांना स्वातंत्र्याचा दावा नाकारू नये आणि पोसल्याच्या खर्चाच्या मोबदल्यात ते विकतही घ्यायला लावू नये. पत्राचा अस्सलपणा, ते कोणाला लिहिले आणि ते किती दूरवर लागू होते, हे तिन्ही प्रश्न या एका पत्रव्यवहारात आलेले आहेत. माझ्या मते निबंधासाठी याहून चांगला उतारा सापडणार नाही.

सगळीच पत्रे पूर्वीच्या प्रघाताला चिकटून नव्हती. हेड्रियनने 119 मध्ये इजिप्तचा प्रमुख रॅमियस मार्टियालिस याला लिहिलेल्या पत्राची ग्रीक प्रत एका पपायरसवर सापडलेली आहे. सैनिकांना सेवेत असताना विवाहाची मुभा नव्हती, त्यामुळे त्या काळात झालेली त्यांची मुले कायदेशीर वारस ठरत नसत. हेड्रियनने अशा मुलांना रक्ताचे नातेवाईक म्हणून पित्याच्या मालमत्तेचा ताबा मागण्याची वाट मोकळी केली आणि ही गोष्ट सैनिकांना व निवृत्तांना कळवावी, असे अधिकाऱ्याला सांगितले. त्याप्रमाणे ते पत्र तेथील हिवाळी छावणीत लावण्यात आले.

याउलट मार्कस ऑरेलियस आणि कोमोडस यांनी स्कापुला टर्टुलस याला पाठवलेले पत्र एकाच माणसाविषयी आहे. एलियस प्रिस्कस याने वेडाच्या भरात आपल्या आईला ठार मारले होते. सम्राट लिहितात की, त्याला खरोखरच सतत वेडाचा झटका असेल आणि तो ढोंग करत नसेल, तर शिक्षेचा विचार सोडून द्यावा, कारण वेड हीच त्याची शिक्षा आहे. मात्र त्याच्यावर कडक पहारा ठेवावा, गरज वाटल्यास त्याला साखळदंडही घालावेत, ते शिक्षा म्हणून नव्हे तर त्याच्या स्वतःच्या व इतरांच्या संरक्षणासाठी. शुद्धीच्या मधल्या काळात त्याने हे केले का याची नीट चौकशी करावी. त्याच्यावर देखरेख ठेवणारे त्या वेळी कुठे होते, हेही विचारावे. हे पत्र डायजेस्टच्या पहिल्या पुस्तकात आहे. पत्र एका आरोपीपुरते असले, तरी वेडाच्या बचावाची चर्चा करताना त्यातील विवेचन आजही वाचण्यासारखे आहे.


जुने दप्तर

पहिल्या शंकेचे उत्तर मी देतो. नाही, प्रत्येक उतारा खरोखर पाठवलेले पत्र होते असे समजू नये. प्रोक्युलस, याव्होलेनस, पोम्पोनियस यांनी 'पत्रे' या नावाने ग्रंथ प्रसिद्ध केले, आणि एकदा ग्रंथ झाला की त्यात प्रत्यक्ष सल्ला, शिष्यांच्या शंका आणि केवळ चर्चेसाठी रचलेले प्रश्न हे सगळे एकत्र येते. त्यातच जस्टिनियनच्या काळात 530 ते 533 या अवघ्या तीन वर्षांत ट्रिबोनियनच्या मंडळाने असंख्य जुन्या पुस्तकांतून 50 पुस्तकांचे डायजेस्ट तयार केले, तेव्हा उताऱ्यांना कात्री लागलीच. कोठे नमस्कार राहिला आहे, कोठे फक्त 'तू विचारतोस' एवढे राहिले आहे, कोठे तेही नाही. नमस्कार शिल्लक आहे तेथे मूळ पत्र होते असे मानायला जागा आहे, पण नमस्कार नाही म्हणून पत्र नव्हतेच, असा उलट निष्कर्ष काढता येत नाही.

निखळ खाजगी पत्रातही कायद्याचे मत कसे येते हे पाहायचे असेल, तर सिसेरोने ट्रेबेटियस या विधिज्ञ मित्राला लिहिलेली चिठ्ठी वाचा. आदल्या रात्री मद्यपान करताना वाद झाला होता की, मृत्यूपूर्वी झालेल्या चोरीबद्दल वारसाला दावा लावता येतो का. असा दावा मानणारा कोणी झालाच नाही, असे म्हणून ट्रेबेटियसने सिसेरोची थट्टा केली होती. सिसेरो बराच पिऊन, उशिरा घरी परतला, तरी त्याने त्या मुद्द्याचे प्रकरण शोधून उतरवून पाठवले आणि कळवले की, ज्या मताचा कोणीच नव्हता असे तू म्हणत होतास, ते सेक्स्टस एलियस, मॅनिलियस आणि ब्रूटस या जुन्या विधिज्ञांचे होते. शेवटी मात्र आपण विधिज्ञ स्काएव्होला आणि ट्रेबेटियस यांच्याशीच सहमत असल्याचे त्याने कबूल केले. ही चिठ्ठी कोणत्याही न्यायाधीशासाठी लिहिलेली नव्हती, पण मते कशी फिरत, कोणाच्या नावाने तोलली जात, हे ती स्पष्ट दाखवते.

पाठ्यपुस्तकाने दोन साधने एकाच परिच्छेदात का घातली असतील, याचा एक अंदाज. पाचव्या शतकापर्यंत दोन्ही प्रकारच्या पत्रांना एकाच रोगाने ग्रासले होते, तो म्हणजे कोणी काय लिहिले आणि ते किती व्यापक समजायचे याची खात्री नसणे. म्हणून 426 मध्ये पश्चिम रोमन साम्राज्याच्या दरबारातून दोन उपाय निघाले. विधिज्ञांपैकी पापिनियन, पॉलस, गायस, अल्पियन आणि मोडेस्टिनस यांची मते प्रमाण धरली गेली. त्यांनी उल्लेखिलेल्या जुन्या विधिज्ञांची मतेही चालत, पण त्यांच्या पुस्तकांच्या प्रती ताडून पाहिल्यावरच. मते भिन्न असतील तर बहुमत, आणि बरोबरी झाली तर पापिनियनचा शब्द. सम्राटाच्या उत्तरांबद्दल असे ठरले की, अधिकाऱ्याच्या पृच्छेवर किंवा एखाद्या शहराला वा प्रांताला दिलेले उत्तर हा सर्वांसाठीचा कायदा नव्हे, तो त्याच प्रकरणापुरता आणि त्याच व्यक्तींपुरता कायदा होय. गायसच्या काळात ज्या पत्राला कायद्याचे बळ होते, त्याचा पल्ला येथे उघडपणे आखडता घेतला आहे. निबंधात हा बदल जरूर दाखवा, कारण परीक्षक बहुधा गायसचे वाक्य पाहून पुढे काय झाले ते विचारतात.

वेळ असेल तर डायजेस्टच्या 40 व्या पुस्तकाच्या पाचव्या प्रकरणातला विसावा उतारा वाचा, तो पोम्पोनियसच्या 'पत्रां'मधून घेतलेला आहे. ज्युलियनच्या एका मतावर, मृताच्या विनंतीनुसार गुलामाला मुक्त करण्याच्या प्रश्नावर, तेथे चर्चा आहे. मात्र मुद्द्याला हात घालण्यापूर्वी लिहिणारा सांगतो की, शिकण्याची हौस हाच जगण्याचा उत्तम मार्ग असे मी वयाच्या 78 व्या वर्षापर्यंत मानत आलो आहे, आणि एक पाय कबरीत असला तरी आणखी काही शिकायला मला आवडेल, असे म्हणणाऱ्याची आठवण काढतो. त्यानंतर लगेच तो विषयावर येतो, आणि ती चर्चा मात्र सोपी नाही. आधी ज्युलियनचा मूळ प्रश्न कागदावर मांडून घ्या, मग वाचा.